संमोहनानं तंबाखू सुटते का? आधी बार मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वय पस्तीस, कारखान्यात नोकरी, दर आठवड्याला शिफ्ट बदलते: आधी फर्स्ट, मग सेकंड, मग नाईट. बारा वर्षं तंबाखू, दिवसाला दहा-बारा बार. पाच वेळा सोडली. सगळ्यात जास्त टिकली ती १९ दिवस, आणि तेव्हा सुट्टीनंतर फर्स्ट शिफ्ट लागली त्या सोमवारपासून सुरुवात केली होती. आता एका केंद्रानं ‘एकाच बैठकीत तंबाखूचा तिटकारा’ म्हणून १५,००० रुपये आगाऊ मागितलेत. त्याआधी मोबाइलवरचा फुकटचा संमोहन ऑडिओ नऊ रात्री ऐकला, दर वेळी मधेच झोप लागली, म्हणून ‘मी संमोहित होणाऱ्यांतला नाही का?’ ही शंका. शिवाय तिथं ताबा सुटून भलतंसलतं बोलून गेलो तर, ही धास्ती. आणि मिसेस म्हणतात, हे गंड्यादोऱ्यासारखंच.

पाच वेळा सोडता आली, म्हणजे निर्धाराची कमतरता नाही. पण निर्धार माणूस सकाळी अंघोळ करून, शांत डोक्यानं करतो. बार लावताना तो तसा नसतो. शेजारचा मळलेला तळहात पुढे करतो, आपण बोलता बोलता चिमूट उचलतो, आणि ती ओठात गेल्यावर आठवतं की आपण सोडली होती. हात आधी जातो, विचार मागून येतो. संमोहन तुमच्या उपयोगी पडलंच तर या दोन सेकंदांत पडेल. बाकी ठिकाणी दुसरी साधनं लागतील, आणि ती कोणती हे तुमच्या बारांवर ठरेल.

आधी नको असलेलं उत्तर देऊन टाकते. सिगारेट सोडण्यासाठी संमोहन किती चालतं, याचा कोक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेचा आढावा २०१९ मध्ये आला: १४ अभ्यास, १,९२६ माणसं. निष्कर्ष असा, की तेवढाच वेळ दिलेल्या साध्या समुपदेशनापेक्षा संमोहन सरस आहे असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही. हे धूम्रपानाबद्दलचं. चघळायच्या तंबाखूला ते जसंच्या तसं लावता येणार नाही, पण ‘एका बैठकीत खात्रीनं’ म्हणणाऱ्याच्या दाव्याला आधार कुठून येणार, हे यावरून दिसतं. उलट सतत पोट बिघडण्याच्या आयबीएस या दुखण्यात संमोहनाची बाजू बरीच भक्कम आहे. मँचेस्टरला १९८४ मध्ये औषधांनी बरं न वाटलेल्या ३० रुग्णांवर झालेला प्रयोग प्रसिद्ध आहे, आणि ब्रिटनच्या २००८ च्या मार्गदर्शक सूचनांत वर्षभर औषधं घेऊनही फरक न पडलेल्यांसाठी संमोहनाचं नाव आहे. थोडक्यात, हे साधन खोटं नाही, सगळीकडे सारखं चालत नाही इतकंच. तंबाखूसाठी मी ते एकट्यानं कधीच वापरत नाही. जोडीला वापरते.

आता ताबा सुटण्याच्या धास्तीबद्दल. निम्मा घोळ आपल्या शब्दानंच घातलाय. ‘संमोहन’ म्हटलं की मोहिनी, भूल, वशीकरण सगळं मागोमाग येतं. ‘हिप्नॉटिझम’ या इंग्रजी शब्दाचीही तीच गत: त्याच्या मुळाशी झोपेचा ग्रीक शब्द आहे, आणि तो ज्यानं रूढ केला त्या जेम्स ब्रेड या स्कॉटिश डॉक्टरलाच पुढे तो चुकीचा वाटू लागला. कारण ही झोप नसते. एका गोष्टीवर लक्ष इतकं एकवटतं की बाकीचं मागे पडतं, आणि त्या अवस्थेत सुचवलेलं चित्र जरा जास्त खरं वाटतं. तुम्हाला सगळं ऐकू येतं, नको ते सांगायचं नसेल तर सांगत नाही, आणि खाज सुटली तर खाजवता येतं.

यातलं मर्म पहिल्यांदा नीट सांगितलं ते आपल्याच बाजूच्या माणसानं. गोव्यातल्या कांदोळीचे आबे फारिया, जन्म १७५६. पॅरिसमध्ये ते जाहीर प्रयोग करत, आणि चुंबकशक्तीनं रोग बरे करतो म्हणणाऱ्या मेस्मेर या डॉक्टरच्या चेल्यांना वाटे तसं आपल्या हातातून काही चुंबकशक्ती वगैरे निघत नाही, जे घडतं ते समोरच्याच्या एकाग्रतेतून आणि कल्पनेतून घडतं, असं स्पष्ट म्हणत. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी त्यांचा १९४५ सालचा पुतळा आहे, शिल्पकार कामतांनी घडवलेला. त्यात ते हात पसरून उभे आहेत आणि समोर एक स्त्री कोसळतेय. पुतळा जोरदारच आहे, पण बघणाऱ्याला वाटतं की सगळी जादू त्या हातातच आहे. म्हणजे फारियांच्या बोलण्याच्या बरोबर उलट.

‘मी संमोहित होणाऱ्यांतला नाही का?’ याचं उत्तर नऊ रात्रींच्या झोपेवरून काढता येत नाही. ही क्षमता मोजायची प्रमाणित पद्धत आहे. स्टॅनफर्डच्या मोजपट्टीत १२ सूचना असतात: हात जड होऊन खाली येतो का, ताठ हात वाकवता येईनासा वाटतो का, अशा चढत्या क्रमानं. साधारण दहा-पंधरा टक्के लोक जवळपास सगळ्या सूचनांना प्रतिसाद देतात, तितकेच लोक अगदी थोड्या, आणि उरलेले मधले. हा गुण बराचसा स्थिर असतो. २५ वर्षांनी पुन्हा मोजला तरी फारसा हलला नाही. पण सवयीच्या कामाला मधली पातळी पुरते. तुम्हाला झोप लागली कारण तुम्ही रात्री, आडवे पडून, शिफ्ट करून आल्यावर ऐकलंत. अशानं पंचांग वाचून दाखवलं तरी झोप येईल. झोपेत सूचना ‘आत उतरतात’ हे ऑडिओ विकणाऱ्यांचं म्हणणं आहे. झोपलेल्या माणसानं सराव केलेला नसतो, तो फक्त झोपलेला असतो.

काही सुरू करण्याआधी आरशासमोर उभं राहून तोंड उघडा आणि हाताची मधली तीन बोटं उभी धरून दातांच्या मधे घाला. तीन जात नसतील, किंवा जिथे बार ठेवता तिथे पांढरा-लाल चट्टा, न भरणारी जखम, तिखटाची जळजळ असेल, तर आधी दंतवैद्य. हे आठवडाभर पुढे ढकलायचं काम नाही. तसंच पूर्वी भ्रम-भास, टोकाची तेजी-मंदी किंवा फिटचा त्रास झाला असेल, तर स्वतःच्या स्वतः डोळे मिटून प्रयोग नकोत, मानसोपचारतज्ज्ञांना विचारून करा.

मग सात दिवस काहीच सोडायचं नाही. फक्त नोंद. चुन्याच्या डबीला रबरबँड लावून एक कागदाची पट्टी आणि पेन्सिलीचा तुकडा अडकवा. प्रत्येक बाराआधी चार गोष्टी: वेळ, जागा, शेजारी कोण, आणि तल्लफ शून्य ते दहात किती. बार लावल्यावर नव्हे, आधी. रबरबँड काढायला लागणारे ते चार सेकंदच पहिला उपचार आहेत. नुसत्या नोंदीनं बारांची संख्या दोन-तीननं उतरल्याचं बऱ्याचदा दिसतं. ती उतरली म्हणून खूश होऊन नोंद बंद करू नका.

आठवड्यानं पट्ट्या टेबलावर पसरल्या की बारांचे गट पडतात. सकाळचा, संडासला जायच्या आधीचा. चहाच्या टपरीवरचा, जेवणानंतरचा, सुपरवायझर बोलून गेल्यावरचा आणि नाईटला पहाटे तीनचा. या पाचांचं औषध एक नाही, आणि ‘एका बैठकीत तिटकारा’वाले इथेच आपटतात.

सकाळच्या बाराशी संमोहनानं झुंजू नका. रात्रभर रक्तातलं निकोटिन उतरलेलं असतं, शरीर सरळ मागणी करतं. शिवाय निकोटिन आतड्यांना चालना देतं, म्हणून ‘बार लावल्याशिवाय कोठा साफ होत नाही’ हे तुमचं म्हणणं खोटं नाही. सोडल्यावर काही दिवस पोट जड राहणार. कोमट पाणी, फळं-भाज्या, लागलं तर डॉक्टरांनी दिलेलं चूर्ण, यांनी निभतं. उठल्यापासून अर्ध्या तासात पहिला बार लागत असेल, तर अवलंबित्व तगडं आहे असं समजायचं, आणि अशा वेळी निकोटिनच्या चावायच्या गोळीबद्दल, म्हणजे निकोटिन गमबद्दल, डॉक्टरांशी बोलायचं. ती २ आणि ४ मिलिग्रॅममध्ये येते. कोणती, किती, हे ते ठरवतील, विशेषतः हृदयविकार असेल तर.

ही गोळी बहुतेक लोक चुकीची खातात, म्हणून थोडं थांबते. चिंगमसारखी सटासट चावली की निकोटिन थुंकीतून पोटात जातं, उचकी लागते, जळजळ होते, आणि माणूस म्हणतो ‘मला सोसत नाही’. सावकाश चावायची. जिभेला तिखट झिणझिणी आली की थांबायचं, गाल आणि हिरडीच्या मधे ठेवायची. चव गेली की पुन्हा दोन-चारदा चावायची, जागा बदलायची. एक गोळी अर्धा तास चालते. आधीची पंधरा मिनिटं आणि ती तोंडात असेपर्यंत चहा, कॉफी, लिंबू-सरबत नको. तोंड आंबट झालं की निकोटिन शोषलंच जात नाही. तंबाखूत तुम्ही चुना घालता तो त्याच्या उलट कामासाठी. चुन्यानं निकोटिन झटकन रक्तात शिरतं. गोळी सावकाश चढते, त्यामुळे बाराच्या मानानं ती ‘काहीच करत नाही’ असं वाटणार. तिनं किक द्यायची नसते. फक्त तळमळ धरून ठेवायची असते.

टपरीवरचा बार, जेवणानंतरचा, शिव्या खाल्ल्यानंतरचा: ही संमोहनाची जागा. इथे शरीराच्या मागणीपेक्षा जागेचा, माणसाचा आणि वासाचा इशारा मोठा असतो.

पद्धत सांगते. दिवसातून एकदा, १५ मिनिटं, सोडायच्या तारखेच्या किमान दहा दिवस आधीपासून. खुर्चीत पाठ टेकून, पाय जमिनीवर. पलंगावर नाही, जेवल्या जेवल्या नाही, गाडी चालवताना तर मुळीच नाही. आणि तोंडात बार ठेवून नाही. लोक तेही करतात.

समोरच्या भिंतीवर डोळ्यांच्या रेषेपेक्षा थोडा वर एक ठिपका निवडा. मान न उचलता त्याच्याकडे बघत राहा. मिनिटभरात पापण्या थकतात. यात काही गूढ नाही, स्नायू दमतात. पण ‘पापण्या जड होतायत’ हे वाक्य त्याच वेळी मनात म्हटलं की सांगितलेलं आणि घडलेलं जुळतं, आणि पुढचं वाक्य मन थोडं कमी तपासून घेतं. सगळं तंत्र या एका जुळणीवर उभं आहे. आधी खरं घडत असलेलं म्हणायचं, मग त्याला घडायला हवं ते जोडायचं. घाई करून पहिल्याच मिनिटाला ‘मी पूर्ण मुक्त आहे’ म्हटलं की मन म्हणतं, खिशात पुडी आहे.

डोळे मिटले की चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, आठ-दहा वेळा. मग स्नायू सैल सोडायचे, पण पायापासून सुरू करायची पुस्तकी रीत तुमच्यासाठी बाजूला ठेवा. सुरुवात जबड्यानं करा. खालचे आणि वरचे दात एकमेकांपासून सुटू द्या. जीभ टाळूला हलकी टेकवा. मग खालचा ओठ, जिथे बार बसतो तीच जागा; तिथलं कातडं आतून कसं लागतंय याकडे दहा श्वास लक्ष द्या. तंबाखू लावणाऱ्याच्या ओठात त्या जागी कायम थोडा ताण धरलेला असतो, आणि तो सुटला की कित्येकांना पहिल्यांदा कळतं की तिथे ताण होता. त्यानंतर खांदे आणि हात.

मग दहापासून एकपर्यंत मोजत पायऱ्या उतरायच्या. तयार ऑडिओत इथे समुद्रकिनारा किंवा लिफ्ट असते. तुमच्या ओळखीच्या पायऱ्या घ्या: गावच्या नदीचा घाट, जुन्या वाड्याचा जिना. पाण्याची किंवा उंचीची भीती असेल तर सपाट रस्ता चालेल. मोजणं चुकलं, मधे घरचा हप्ता आठवला, बाहेर कुत्रं भुंकलं, तरी काही बिघडत नाही. होता त्या आकड्यापासून पुढे.

आता खरा भाग, सूचना. इथे मराठीची एक गंमत आहे आणि ती भाषांतरित ऑडिओवाल्यांच्या लक्षात येत नाही. आपला नकार वाक्याच्या शेवटी येतो. ‘मला… तंबाखू… खायची…’ इथपर्यंत संथ आवाजात तीन श्वास जातात, तोवर डोळ्यांपुढे पुडी, चुना, तळहात सगळं उभं राहिलेलं असतं, आणि मग येतं ‘नाही’. चित्राला ‘नाही’ची फुली मारता येत नाही. म्हणून नकाराची वाक्यं टाळा. भविष्यकाळही टाळा, ‘सोडेन’ हे उद्याचं आहे आणि उद्या रोजच असतो. आपल्याकडे यासाठी झकास अव्यय आहे: ‘की’. पाऊस पडला की वास येतो, तसं. एक घडलं की दुसरं घडतं. सूचना याच साच्यात बांधा:

‘तल्लफ आली की अंगठा बोटाला टेकतो. अंगठा टेकला की श्वास लांब सुटतो. श्वास सुटला की खालचा ओठ सैल पडतो. ओठ सैल पडला की लाट उतरायला लागते.’

अंगठाच का, तर मळण्याचं सगळं काम तोच करतो. डाव्या तळव्यावर तंबाखू, नखानं चुना, उजव्या अंगठ्यानं रगडणं, मग थाप मारून भुकटी उडवणं. बारा वर्षांत त्या अंगठ्यानं हजारो फेऱ्या मारल्यात. हात खिशाकडे निघतो तेव्हा तोही आधीच किंचित आत वळलेला असतो. आरशासमोर बघा, दिसेल. त्याला नवं काम द्यायचं: तर्जनीच्या पेरावर घट्ट टेकायचं, तीन लांब उच्छ्वास होईपर्यंत. टपरीवर कुणाला दिसतही नाही.

हे वाक्य स्वतःच्या आवाजात फोनवर रेकॉर्ड करा, आणि ज्या भाषेत मनातल्या मनात शिवी देता त्या भाषेत करा. घरी अहिराणी किंवा वऱ्हाडी बोलत असाल तर तीच. पुस्तकी मराठीत ‘मी आता विश्रांत अवस्थेत प्रवेश करत आहे’ म्हटलं की आकाशवाणीच्या बातम्या ऐकल्यासारखं वाटतं. ‘तू’पेक्षा ‘मी’ किंवा नुसतं ‘अंगठा टेकतो’ असं ठेवलं की हुकूम वाटत नाही.

सूचनेनंतर रंगीत तालीम, आणि ही गाळली तर बाकी सगळं नुसता आराम ठरतो. मिटल्या डोळ्यांनी टपरीवर जा. चहाची वाफ, ओल्या चुन्याचा वास, मित्राचा पुढे आलेला तळहात, ‘घे ना’ म्हणणारा त्याचाच आवाज. तल्लफ मुद्दाम पाच-सहापर्यंत वाढू द्या. मग अंगठा, श्वास, ओठ. तल्लफ किती झाली ते आकड्यात म्हणा. दोननं उतरली तरी पुरे. मग ‘नको, मला लवंग चालेल’ हे वाक्य तोंडानं, आवाज काढून म्हणा. एका बैठकीत हाच प्रसंग तीनदा. पहिल्या आठवड्यात एकच प्रसंग, दुसऱ्यात दुसरा. बाहेर येताना एक ते पाच मोजा, डोळे उघडा, हात ताणा, दोन मिनिटं बसा. डोकं जड वाटलं तर पुन्हा एक ते पाच, सावकाश. डोळे मिटल्यावर आराम वाटायच्या ऐवजी धडधड वाढत असेल तर ताणून धरू नका, डोळे उघडे ठेवून फक्त अंगठा-श्वास करा, आणि तसं होतच राहिलं तर माणसासमोर बसून करा.

हे फसतं कुठे? सगळ्यात जास्त वेळा, अंगठ्याचा पहिला वापर थेट नऊच्या तल्लफेला केला जातो. तालमीत पाच-सहापर्यंत जाऊन आलेला नट एकदम भरल्या थिएटरात ढकलल्यासारखं ते होतं. सोडायच्या आधीच्या दहा दिवसांत तीन-चारच्या छोट्या तल्लफांवर रोज दहा वेळा वापरा, मग चढत जा. दुसरं, एकाच ऑडिओत झोप, आत्मविश्वास, पैसा आणि तंबाखू असं कडबोळं केलेलं असतं. एका वेळी एकच काम.

तिसरं म्हणजे ती तिटकाऱ्याची सूचना. ‘तंबाखू शेणासारखी लागेल’ असं सांगता येतं, आणि चांगला प्रतिसाद देणाऱ्याला ती काही दिवस तशी लागतेही. मग एक दिवस पार्टीत कुणीतरी आग्रह करतो, हा चाखून बघतो, आणि ती नेहमीसारखीच लागते. त्या क्षणी त्याला वाटतं, संमोहन उतरलं, आता काही अर्थ नाही. सगळा डाव चवीवर लावला होता ना! अंगठ्याच्या साखळीत असं उतरण्यासारखं काही नसतं. एक बार लागला तर तो नोंदीत लिहायचा, कुठल्या प्रसंगाची तालीम राहिली होती ते बघायचं, आणि त्याच संध्याकाळी ती करायची. पुडी मात्र विकत घ्यायची नाही. मागून घेतलेला एक बार आणि खिशातली पुडी यांत फार मोठं अंतर आहे.

माणसाकडे जायचंच असेल तर जरूर जा. समोर कुणी असलं की तालीम जास्त नेमकी होते. पण पाटी लावणाऱ्याचं मूळ शिक्षण बघा: मानसोपचारतज्ज्ञ, किंवा पुनर्वसन परिषदेची म्हणजे आरसीआयची नोंदणी असलेले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, ज्यांनी त्यावर संमोहनाचं वेगळं प्रशिक्षण घेतलंय. नोंदणी क्रमांक मागितला तर राग यायचं कारण नाही. पहिल्या भेटीचा बराचसा वेळ बोलण्यात गेला पाहिजे. दिवसाचे बार किती, तोंड तपासलं का, दुसरी औषधं कोणती, हे न विचारता थेट ‘डोळे मिटा’ म्हणणाऱ्याकडून उठून या. चार ते सहा भेटी, प्रत्येक भेटीचे पैसे त्या त्या वेळी, घरचं माणूस खोलीत बसायला हवं असेल तर त्याला परवानगी, एवढं किमान हवं. खात्री देणारा, सगळी रक्कम आगाऊ मागणारा आणि ‘तंबाखूचं मूळ मागच्या जन्मात आहे’ सांगणारा, हे तिघंही टाळा. शेवटच्याबद्दल जरा कडक बोलते: संमोहनात आठवलेल्या गोष्टी जास्त खऱ्या नसतात, उलट माणसाला त्यांची खात्री मात्र वाढते. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या समितीनं १९८५ मध्येच याबद्दल सावध केलं होतं. बालपणीची न घडलेली घटना घेऊन घरी जाल आणि घरच्यांशी आयुष्यभर वाकडं होईल. तंबाखू आहेच शिवाय.

ते १५,००० सध्या खिशातच राहू द्या. केंद्र सरकारची तंबाखूमुक्तीची फोनसेवा १८००-११-२३५६ वर फुकट आहे. तारीख ठरली की तिथे फोन करा.

मिसेसना सांगा, गंड्यादोऱ्याची त्यांची शंका रास्त आहे, कारण गंडा बांधून घेतला की आपल्याला काही करायचं उरत नाही. इथे रोजची १५ मिनिटं तुम्हालाच बसायचंय. त्यांच्याकडून एकच मदत हवी: रोज तोंडाचा वास घेऊन उलटतपासणी नको. त्याऐवजी संध्याकाळच्या तालमीच्या वेळी मुलांना दुसऱ्या खोलीत ठेवायचं.

राहिला पहाटे तीनचा बार. तो झोप उडवण्यासाठीचा आहे, आणि झोपेच्या जागी नुसती सूचना चालत नाही. नाईटच्या आधी दुपारची झोप, शिफ्ट सुरू होण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटांची डुलकी, अडीचला तोंड धुऊन शॉपफ्लोअरवर एक फेरी, आणि गोळी घेत असाल तर तिची वेळ तीनच्या आधीची. मशीन चालू असताना मात्र डोळे मिटून काहीही करायचं नाही. तिथे फक्त अंगठा आणि श्वास.

आता तुमचे ते १९ दिवस कॅलेंडरवर मांडा. सोमवारी फर्स्टला सुरुवात. पहिला आठवडा फर्स्ट, दुसरा सेकंड. पंधराव्या दिवशी नाईट लागली, आणि १९वा दिवस म्हणजे तिसऱ्या आठवड्यातला शुक्रवार, सलग पाचवी नाईट. निकोटिनची खरी ओढ पहिल्या दोन-तीन दिवसांत सगळ्यात जोरात असते. ती तुम्ही बिनगोळीची, बिनतालमीची पार केली होती. या वेळीही फर्स्ट शिफ्टच्या सोमवारीच सोडा, तारीख बरोबर आहे. फक्त आठव्या दिवसापासून टपरीची तालीम बंद करून पहाटे तीनची सुरू करा: मशीनचा आवाज, जड पापण्या, शेजारचा तळहात. त्यासाठी सात रात्री हातात आहेत.